निर्दोष माणूस

"बाकी सगळं ठीक आहे, सर. फक्त हे एक पान काढून टाका," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या आणि कादंबरीचं बाड त्यांनी टेबलावरून त्याच्याकडे सरकवलं. तो पाच मजले जिना चढून आला होता आणि आपली धाप बाईंना दिसू नये म्हणून नाकाने सावकाश श्वास घेत होता. या कचेरीत धाप दाखवायची नसते, घाम पुसायचा नसतो, पाणी मागायचं नसतं; मागितलं की समोरच्याच्या हाती आपल्याबद्दल काहीतरी लागतं. हेरखात्यातली शेवटची वर्षं त्याने याच खोलीत, याच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून काढली होती. बाई तेव्हा दाराजवळच्या कोपऱ्यात बसायच्या आणि काय कापायचं, काय ठेवायचं ते त्याच्याकडून शिकायच्या. आता बाईंच्या चष्म्याला साखळी आली होती, फिरती खुर्ची त्यांची झाली होती आणि त्याच्या वाट्याला पाहुण्यांची खुर्ची आली होती. या खुर्चीचे पाय बोटभर आखूड असतात, म्हणजे बसणारा आपोआप खाली राहतो. ते कापून घेण्याची अक्कल त्याचीच. खात्यातून बाहेर पडलेल्या माणसाने काहीही लिहिलं, मग ती कादंबरी असो नाहीतर नातवंडांसाठी रचलेली गोष्ट असो, छापण्याआधी ती या वाचन कक्षातून तपासून न्यावी लागते, हा नियम मात्र त्याच्या आधीपासूनचा होता. त्याच्या मागच्या कादंबऱ्या इथूनच गेल्या होत्या आणि दर वेळी बाईंनी काही ना काही कापलं होतं, कुठे एखाद्या हॉटेलाचा पडदा, कुठे एखाद्याची मिशी. तो दर वेळी मनातल्या मनात त्यांना शाबासकी देऊन घरी जायचा.

"कुठलं पान?" त्याने विचारलं, आणि विचारतानाच त्याला ते दिसलं. समासात एक बारीक रेघ होती. जगातला कुठलाही माणूस रेघ वरून खाली ओढतो. ही खालून वर ओढलेली होती, शेवटी जरा जाड. "अहो, हे पान तर मी रचलेलं आहे," तो म्हणाला. "बाकीचं सगळं घडलेलं, हे तेवढं डोक्यातून काढलेलं." बाईंनी चष्मा काढून साखळीवर सोडला. "मग काढायला काय हरकत आहे, सर? रचलेलंच तर आहे. दुसरं रचा." "आणि बाकीचं? लिफ्ट, ती इमारत, तो माणूस पकडला गेला ते?" "बाकीचं चालेल." "कोणी वाचलं हे?" "समितीने." "समितीत कोण असतं हल्ली?" बाई हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. "सर, हा प्रश्न मी तुम्हाला विचारला असता तर तुम्ही मला या खोलीतून बाहेर काढलं असतं," एवढं बोलून त्यांनी पुढचं बाड ओढलं. त्याने पान काढून घडी करून खिशात घातलं, उरलेलं काखेत मारलं आणि तो निघाला. बाईंनी मागून "जपून उतरा" म्हटलं, ते त्याला अतिशय झोंबलं.

रस्त्यावर दुपारचं ऊन होतं आणि माणसं एकमेकांना ढकलत चालली होती. या शहरातल्या माणसांबद्दल त्याला कधीच प्रेम वाटलं नव्हतं. नोकरीत असताना त्यांचं रक्षण करायचं म्हणून तो त्यांना सहन करायचा. आता ती त्याच्या कादंबऱ्या विकत घ्यायची म्हणून सहन करायचा. कापणं ही सोपी कला आहे असं बाहेरच्यांना वाटतं. जे खरं असेल ते खोडलं की झालं! अरे गाढवांनो, नुसतं खरं तेवढं खोडलं तर ते खरं होतं हे तुम्ही बोट करून दाखवलंत की. म्हणून पहिल्याच दिवशी शिकवतात, एक खरं कापायचं असेल तर आजूबाजूचं तीन-चार ठिकाणचं बिनमहत्त्वाचं कापा, म्हणजे लिहिणारा गोंधळतो आणि लिहिणाऱ्याकडून ऐकणारेही गोंधळतात. एका निवृत्त अधिकाऱ्याच्या आठवणींतून त्याने एकदा त्याच्या कुत्र्याचं सबंध वर्णन उडवलं होतं. तो बिचारा मरेपर्यंत विचार करत राहिला की आपल्या कुत्र्यात असं गुपित काय होतं. आणि इथे चारशे पानांच्या बाडात एकच रेघ. बाईंची चूक म्हणावी तर रेघ बाईंची नव्हती. अशी खालून वर रेघ ओढणारे एकच, खात्याचे थोरले साहेब, आणि साहेब चुकत नसत. त्यांच्या हाताखाली त्याने अर्धं आयुष्य काढलं होतं आणि साहेबांनी कधी छत्री विसरलेलीसुद्धा त्याला आठवत नव्हती. असा माणूस एकच जागा कापतो, ती झाकायला आजूबाजूला काही करत नाही, याचा अर्थ ती जागा त्याला फार झोंबली. आणि झोंबली याचा अर्थ ती खरी. तो रस्त्याच्या मध्येच उभा राहिला. मागून येणारा त्याच्या पाठीवर आदळला आणि म्हणाला, "ओ आजोबा, रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?" एरवी त्याने या माणसाचे कपडे, बूट, चालण्याची ढब सगळं टिपून ठेवलं असतं. आज त्याला फक्त एवढंच कळत होतं की आपण जे रचलं ते घडलेलं होतं.

कादंबरीतला लिफ्टवाला म्हणजे खऱ्यातला साडू, आणि साडूला खात्यासाठी त्यानेच मिळवलं होतं. खात्यात माणसांना नावं नसत, नाती असत. टेलिफोनवर कोणी कान लावून बसलं असलं तरी घरगुती गप्पा वाटाव्यात म्हणून. पैसे पोचवणारी ती आत्या, जिच्याकडे कागद ठेवायचे ती मावशी, बातमी आणणारा तो साडू. "साडूला सर्दी झालीय" म्हणजे साडूच्या मागावर कोणीतरी आहे. हा साडू परक्या देशाच्या राजधानीत लिफ्ट दुरुस्त करायचा. सरकारी इमारतींच्या लिफ्ट जुन्या, सतत अडकणाऱ्या, आणि साडू आपला हत्यारांची पिशवी घेऊन या कचेरीतून त्या कचेरीत. मोठमोठे अधिकारी त्याच्यासमोर लिफ्टमध्ये बिनधास्त बोलत, कारण हातात पान्हा असलेला माणूस त्यांच्या हिशेबी भिंतीचा भाग होता. साडू ऐकायचा आणि ऐकलेलं शब्दाला शब्द सांगायचा. भेटायची जागासुद्धा साडूचीच कल्पना. साडू एखाद्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवायचा आणि बाहेर "दुरुस्ती चालू" अशी पाटी लटकवायचा. आत तो आणि साडू, दोघांच्या मध्ये गुडघाभर जागा, ग्रिसचा वास आणि साडूच्या तोंडातली आंबट गोळी. साडू सतत गोळ्या चघळायचा. "इथे भिंतीला कान नाहीत साहेब, कारण भिंतीच्या मागे नुसती हवा आहे," असं म्हणून साडू खूश व्हायचा. तो साडूच्या विनोदांना हसत नसे. त्या काळात तो कोणाच्याच विनोदाला हसत नसे. विमा कंपनीतल्या कारकुनाचं सोंग घेऊन तो तिथे राहत होता आणि आपण या असल्या माणसांपेक्षा फार वेगळे आहोत, हे त्याला दिवसातून अनेकदा स्वतःला सांगावं लागत असे.

नियम साधा होता. एकदा वापरलेली इमारत लगेच पुन्हा वापरायची नाही. पण वरून बातमीची घाई होती, दुसरी इमारत मिळत नव्हती, आणि त्याने साडूला पुन्हा तिथेच बोलावलं. साडू म्हणाला, "नको साहेब, तिथला पहारेकरी बदललाय. नवा माणूस पाटी वाचतो." पाटी वाचणाऱ्या पहारेकऱ्याची भीती! तो साडूवर ओरडला. अडकलेल्या लिफ्टमध्ये जितकं ओरडता येतं तितकं, दात दाबून. "शेपूट घालायची असेल तर आत्ताच सांग, मला दुसरा मिळेल. असले फडतूस मेकॅनिक पायलीला पन्नास मिळतात." साडूने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि म्हणाला, "येतो मी." ठरल्या दिवशी तो चौथ्या मजल्यावर जाळीच्या दारापुढे उभा होता. तारा हलत होत्या, लिफ्ट येत नव्हती. मग खालून बरेच आवाज एकदम आले. तो जिन्याने उतरला, सावकाश, काखेत छत्री, कामाला कंटाळलेल्या कारकुनासारखा. तळमजल्यावर साडूची पिशवी उलटी केलेली होती आणि एक माणूस बुटाने हत्यारं वेगळी करत होता. साडूला दोघांनी धरलं होतं. साडूने त्याच्याकडे पाहिलं, जसं आपण बसमधल्या कुठल्याही माणसाकडे पाहतो तसं, आणि नजर काढून घेतली. शिकवलेलं सगळं साडूने त्या एका क्षणात नीट करून दाखवलं. मग तो स्वतः बाहेर पडला आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याने पावलांचा वेग वाढवला नाही. साडू कैदेत मेला ही बातमी पुढे यथावकाश आली. त्या दिवसापासून तो लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नव्हता. जिने चढताना गुडघे बोंबलतात, बोंबलोत. तेवढं त्यांनी सोसावं अशी त्याची इच्छा होती.

मायदेशी चौकशी झाली तेव्हा अध्यक्ष थोरले साहेबच होते. त्याने स्वतः होऊन सगळं सांगितलं, तीच इमारत पुन्हा वापरली, साडू नको म्हणत होता, तरी बोलावला. साहेबांनी ऐकून घेतलं, उठून त्याच्याजवळ आले आणि सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चूक माणसाच्याच हातून होते." नोकरी वाचली, फक्त बाहेरदेशी जाणं बंद झालं आणि वाचन कक्ष मिळाला. त्या हाताचं ओझं त्याने पुढे जन्मभर उपकार म्हणून वाहिलं. साहेबांच्या मुलाने त्याच्या मुलीला मागणी घातली तेव्हा त्याने क्षणभरही विचार केला नाही. त्याला वाटलं, फेडायची संधी चालून आली. साहेब व्याही झाले. साडू पकडला गेला त्याच महिन्यांत पलीकडच्या तुरुंगातून आपली दोन माणसं सुटून परत आली होती, कचेरीत पेढे वाटावेत तसा आनंदीआनंद झाला होता, आणि तो एकटा कोपऱ्यात तोंड पाडून बसला होता. दोन माणसं परत येतात आणि एक माणूस जातो. ही बेरीज शेंबडं पोरसुद्धा करील. त्याने केली नाही, कारण त्याचं उत्तर आधीच ठरलेलं होतं. आणि गंमत अशी की कादंबरीत ती बेरीज त्याने केली ती निव्वळ आळसाने. प्रकाशकाने पहिला खर्डा वाचून नाक मुरडलं होतं. "तुमचा नायक चुकतो आणि माणूस मरतो, ठीक आहे. पण वाचकाला गुन्हेगार लागतो हो. नुसत्या चुकीवर कोणी पुस्तक घेत नाही." या प्रकाशकाचा त्याला मनापासून तिरस्कार होता, त्याच्या सोन्याच्या पेनाचा आणि 'हो' म्हणण्याचा. तरी त्याने घरी जाऊन, आंघोळ करता करता, एक पान रचलं. नायकाचा वरिष्ठ लिफ्टवाल्याचं नाव शत्रूला देतो आणि बदल्यात आपली दोन माणसं मागून घेतो. मग फारच काळा वाटायला नको म्हणून थोडं पांढरं मिसळलं. वरिष्ठ रात्रभर खोलीत येरझारा घालतो, पहाटे उशीत तोंड खुपसून रडतो. पान लिहून झाल्यावर त्याला साहेबांवर अन्याय केल्याची लाजसुद्धा वाटली होती.

मुलीच्या घरचा जिना चढताना त्याला दोनदा थांबावं लागलं. दार मुलीनेच उघडलं. ती घरून काम करायची. कानावर मोठं यंत्र, तोंडापुढे मायक्रोफोनचा दांडा, आणि कुठल्यातरी दूरच्या माणसाशी बोलता बोलताच तिने भुवया वर करून विचारलं, बाबा, आज अचानक? मग दांडा बाजूला करून कुजबुजली, "बाबा बाल्कनीत आहेत. बसा, माझी मीटिंग संपली की चहा टाकते." सासऱ्यालाही ती बाबाच म्हणायची. आजवर त्याला यात काही खटकलं नव्हतं. बाल्कनीचं काचेचं दार सरकवून तो बाहेर गेला. व्याही स्टुलावर एक पाय घेऊन नखं काढत बसले होते. नखांचे तुकडे वर्तमानपत्रावर नीट गोळा केले होते. साहेब म्हातारे झाले तरी त्यांचे हात तसेच होते, स्वच्छ, न थरथरणारे.

"या व्याहीबुवा," ते म्हणाले, मान वर न करता. "दार लावून घ्या. न कळवता आलात म्हणजे कळलेलं दिसतंय."

"पान तुम्ही काढायला लावलंत."

"जरा हसा. सून बघतेय."

त्याने काचेतून आत पाहिलं. मुलगी बोलता बोलता त्यांच्याकडे बघत होती. तो हसला. व्याहीही हसले, आणि आतून पाहणाऱ्या कोणालाही वाटलं असतं की दोन म्हातारे गुडघेदुखीबद्दल बोलतायत. "एकच का कापलंत?" तो हसऱ्या चेहऱ्याने म्हणाला. "चार ठिकाणी आणखी कापलं असतं तर मला पत्ता लागला नसता. तुम्हीच शिकवलेलं." "लपवायचं असतं तेव्हा चार ठिकाणी कापायचं. मला काय लपवायचं होतं?" "साडूला तुम्ही दिलंत." "मीच दिला." व्याह्यांनी दुसरा पाय वर घेतला. "आपली दोन माणसं तिकडे सडत होती. त्यांना एक नाव हवं होतं. माझ्याकडे तीन होती, त्यातलं सगळ्यात कमी कामाचं दिलं. तू त्याला त्या इमारतीत बोलावलं नसतंस तर त्यांनी त्याला घरून उचलला असता. तुझ्यामुळे त्यांची एक खेप वाचली, एवढंच." लग्न ठरल्यापासून व्याही त्याला 'तुम्ही' म्हणत आले होते. आता ते सहज, नखाचा एक तुकडा टाकावा तसे, जुन्या 'तू'वर आले होते.

बाल्कनीचा कठडा कमरेएवढा होता आणि व्याही एका पायावर रेललेले होते. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. हाताचा तळवा छातीच्या उजव्या बाजूला, मग गुडघा. कसं करायचं ते त्याला साहेबांनीच शिकवलं होतं. काचेच्या पलीकडे मुलगी मान हलवत कोणाला तरी 'हो हो' म्हणत होती. "मग पान का काढायला लावलंत?" त्याने विचारलं, आणि आपला आवाज इतका साधा निघाल्याचं त्याला आश्चर्य वाटलं.

"कारण ते खोटं आहे." व्याह्यांनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात खरोखरीचा राग होता. "येरझारा घातल्या म्हणे. उशीत रडला म्हणे. मी त्या रात्री नेहमीएवढा जेवलो आणि सकाळपर्यंत गाढ झोपलो. दोन माणसं घरी येणार होती, रडायचं कशाला? तू आयुष्यभर रडत बसलास म्हणून सगळ्यांनी रडायचं की काय? साडूला दिला ते छापायचं तर खुशाल छाप. कादंबरी आहे, कोण विचारतंय! रडणं तेवढं काढ. दोन्ही एकाच पानावर होतं म्हणून पान काढा म्हटलं."

"चौकशीत सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवलात."

"ठेवला. सगळे तुझ्या खांद्याकडे बघत होते, माझ्याकडे कोणी बघितलं नाही." त्यांनी वर्तमानपत्राची पुडी केली. "उगाच तमाशा करू नकोस. पोरं सुखात आहेत."

मुलीने आतून काचेवर टकटक केलं आणि चहाचा कप तोंडाला लावल्याची खूण केली. त्याने नको म्हणून हात हलवला, हसून. निघताना त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो पटकन उचलून घेतला, कारण खांद्यावरचा दुसरा हात त्याला आठवला. बाहेर लिफ्ट उभीच होती, दार उघडं, आत दिवा. आता लिफ्टने जायला काहीच हरकत नव्हती. पाय मात्र जिन्याकडेच वळले.

पण खाली उतरेपर्यंत त्याच्यात काहीतरी बदललं. राग होताच, व्याह्यांचा गळा दाबावा हा विचारही पायरीगणिक येत होता. त्याच्या खालून मात्र दुसरंच काहीतरी वर येत होतं, फार वर्षांनी जड सामान खाली ठेवल्यावर हात आपोआप वर तरंगतात तसं. मी नाही. मी केलं नाही. त्यांनी त्याला कुठूनही उचललाच असता. तो फुटपाथवरून झपाझप चालू लागला. समोरून येणारे बाजूला होत होते आणि त्यांनी बाजूला व्हावं हे त्याला योग्यच वाटत होतं. एका दुकानाच्या काचेत त्याला आपली पाठ ताठ दिसली. इतकी वर्षं मान खाली घालून चाललो, हमालासारखा, दुसऱ्याचं ओझं घेऊन! किती माणसांची त्याने उगाच माफी मागितली असेल, किती जणांना पुढे जाऊ दिलं असेल, बाईंना 'शाबास' म्हटलं असेल, त्या सोन्याच्या पेनवाल्याचं ऐकून घेतलं असेल. साडूचा चेहरा त्याने आठवून पाहिला. तो आला, गालात गोळी, बसमधल्या माणसासारखी नजर. पण त्याने आज काही मागितलं नाही. कोणाला तरी हे सांगायला हवं होतं. सांगण्यासारखं माणूस त्याला एकच होतं. ज्या माणसाने आपली सगळी पडझड उशाशी बसून पाहिली, त्याला उभं राहिलेलंही पाहू दे, असं त्याला वाटलं, आणि बायकोबद्दल इतक्या मायेने आपण शेवटचा विचार कधी केला होता ते त्याला आठवेना.

बायको टेबलावर जाड चादर अंथरून कपड्यांना इस्त्री करत होती. त्याने बूटसुद्धा काढले नाहीत. उभ्या उभ्याच सांगितलं, पान, रेघ, व्याही, नखं, सगळं एका दमात, मधली वाक्यं गिळत. "म्हणजे कळलं ना तुला? मी नव्हतो. माझ्यामुळे नाही मेला तो." तिने शर्टाची बाही उलटवली, तिच्यावरून इस्त्री फिरवली आणि म्हणाली, "माहीत आहे मला."

"आत्ता सांगतोय ना, मग माहीत असणारच."

"आत्ताचं नाही. लग्न ठरलं तेव्हाच व्याह्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणाले, सोयरीक करायची तर लपवून नको. नवऱ्याला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

"आणि तू?"

"मी ठरवलं." तिने शर्टाची घडी घातली. तिचा आवाज भांडणाचा नव्हता. किराणा कुठल्या दुकानातून आणला हे सांगावं तसा होता. "रागावू नका. तुमची दया यायची मला, रात्री दचकून उठायचात तेव्हा कितीदा तोंडावर आलं होतं सांगून टाकावं म्हणून. पण त्याच्या आधीचे तुम्ही कसे होतात ते तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं. सुट्टीवर घरी यायचात. जिन्यात बूट वाजले की पोरगी पलंगाखाली जाऊन बसायची. मीठ कमी पडलं म्हणून ताट भिंतीवर गेलं होतं. माझ्या कानात अजून एका बाजूने शिट्टी वाजते, ती कशाने ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. मग तो माणूस गेला आणि तुम्ही माणसांत आलात. दमलीस का म्हणून पहिल्यांदा विचारलंत, तेव्हा मी घाबरले होते, वाटलं, आता पुढे काय! पुढे काही नव्हतं. नुसतंच विचारलं होतंत. त्या माणसाच्या जिवावर या घरात शांतता आली, हे मला कळत होतं. वाईट वाटायचं त्याचं. पण ती शांतता मी आपल्या हाताने मोडू? कशासाठी? तुम्हाला बरं वाटावं म्हणून?"

"माझी एवढी वर्षं फुकट गेली," तो म्हणाला.

"माझी नाही गेली," ती म्हणाली आणि तिने पुढचा कपडा ओढला.

त्याला म्हणायचं होतं की हे न्यायाचं नाही. त्याला असंही म्हणायचं होतं की शिट्टी कुठल्या कानात वाजते. दोन्ही वाक्यं घशापर्यंत आली होती. पण त्यांच्याही आधी पोटातून दुसरंच काहीतरी वर येत होतं, गरम, ओळखीचं, आणि त्याला कबूल करायला आवडलं नसतं इतकं सुखाचं. जबडा आपोआप दाबला गेला. उजव्या हाताची बोटं मिटली. आता त्याला अडवणारं आत कोणी राहिलं नव्हतं, कसलं देणं राहिलं नव्हतं. तो निर्दोष माणूस होता आणि स्वतःच्या घरात उभा होता.

"ती कॉलर करपतेय!" तो ओरडला. "डोळे फुटले का तुझे?"

कॉलर करपत नव्हती. इस्त्री कॉलरपासून लांब, बाजूला उभी ठेवलेली होती. तो आवाज खोलीभर राहिला, म्हाताऱ्या माणसाचा वाटत नव्हता. बायकोने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, हाताकडे पाहिलं. मग तिने भिंतीतली पिन काढली, गरम इस्त्री उचलून त्याचा हात पोचणार नाही अशा कोपऱ्यात ठेवली, आणि टेबलाला वळसा घालून, न चुकता, न अडखळता, पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली.